पशुवैद्य डॉक्टरांच्या मोटरसायकलसाठी दिशादर्शक: दापोली-गुहागर पट्ट्यातलं एक प्रकरण

दापोलीत माझं ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. बॅटरी, वायरिंग, सेल्फ, हॉर्न ही रोजची कामं. हे प्रकरण माझ्या एका गिऱ्हाइकाचं आहे. त्या खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्या पशुवैद्य आहेत, वय पंचेचाळीसच्या आसपास, बारा महिने मोटरसायकलवर फिरतात. त्यांची परवानगी घेऊन लिहितोय. त्यांचं नाव आणि ज्या वाडीत हे घडलं तिचं नाव गाळलं आहे.

त्या रात्री काय झालं

ऑगस्टातली संध्याकाळ, सहाचा सुमार. दाभोळ खाडीपलीकडून फोन आला, "ताई, गाय अडलीय. पाय दिसतायत, पण वासरू येत नाय." शेतकऱ्याच्या मुलाने लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवलं. डॉक्टरांनी दापोलीतच ते उघडलं, रस्ता लावला, फोन पारदर्शक पाकिटात घालून हँडलवर अडकवला आणि निघाल्या. दापोली ते दाभोळ 28 किलोमीटर, तिथून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपावे. खेड-चिपळूणवरून वळसा घातला असता तर शंभर किलोमीटरच्या वर पडलं असतं. फेरी वेळेवर मिळाली. धोपाव्याच्या धक्क्यावरून ती वाडी अर्ध्या तासाची, म्हणजे सव्वाआठला त्या गोठ्यात असायला हव्या होत्या. पोचल्या साडेनऊला. गाय वाचली, वासरू दगावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात आल्या. "दादा, हा चार्जर बदला. काल ऐन वेळी चार्जिंग बंद पडलं."

मी मल्टिमीटर लावला. बॅटरी 12.6 व्होल्ट, गाडी चालू केल्यावर 14 च्या वर, यूएसबीच्या तोंडाशी स्वच्छ 5 व्होल्ट. चार्जरमध्ये काहीच दोष नव्हता. पैसे घेऊन नवा बसवला असता तर पुढच्या पावसात पुन्हा तेच झालं असतं. म्हणून त्यांना बसवलं, चहा मागवला आणि धक्क्यावरून निघाल्यापासून काय काय झालं ते क्रमाने सांगायला लावलं.

चढ चढून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या माळावर आल्यावर मोठी सर आली. पाकिटाला बाहेरून थेंब, आतून वाफ. पाण्याचे ओघळ उतरू लागले तसा नकाशा आपोआप लहान-मोठा व्हायला लागला, आणि कधीतरी थेंबांनीच कुठलंसं बटण दाबलं जाऊन लावलेला रस्ता बंद झाला. त्यांनी गाडी थांबवली, हातमोजा काढला, पुन्हा रस्ता लावायला घेतला तर नेटवर्क नव्हतं. निळा ठिपका दिसत होता, पण त्याच्याभोवती नुसती कोरी जागा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं लोकेशनही उघडेना. एवढ्यात फोनने इशारा दिला की चार्जिंगच्या तोंडात ओल आहे, वायर काढा. उरले होते 9 टक्के. त्यात दोन फोन लावून पाहिले, लागले नाहीत. पुढे एका घरात दिवा दिसला म्हणून तिथे विचारलं. त्या माणसाने छत्री घेऊन रस्त्यापर्यंत येऊन वाट दाखवली, पण ती त्याच नावाच्या दुसऱ्या वाडीची निघाली.

हे ऐकल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली, आणि पुढची सगळी निवड तिच्यावरच उभी आहे. निळा ठिपका शेवटपर्यंत बरोबर जागी होता. म्हणजे उपग्रहाने त्यांना सोडलं नव्हतं. पाणी, वीज, नकाशा आणि पत्ता या चार गोष्टींनी सोडलं होतं.

उपग्रहाचा दोष किती

आपल्याकडे "पावसात जीपीएस जातं" असं सर्रास म्हणतात. तसं होत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा मुख्य संदेश 1575.42 मेगाहर्ट्झवर येतो. या लहरींना पावसाच्या सरीने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो डोक्यावरच्या ओल्या पानांच्या गर्दीने आणि दोन्ही बाजूंनी उभ्या दरडीने. चार उपग्रह एका वेळी नीट ऐकू आले की यंत्राला आपली जागा काढता येते. सड्यावर आकाश मोकळं असतं, तिथे चाराच्या दुप्पट-तिप्पट सापडतात.

दुसरा गैरसमज त्याहून नुकसान करणारा आहे: नेटवर्क गेलं की जीपीएस गेलं. उपग्रहाचा संदेश घ्यायला सिमकार्ड लागत नाही, यंत्र फक्त ऐकतं. नेटवर्क लागतं ते नकाशाची चित्रं उतरवायला आणि रस्ता शोधून घ्यायला. शिवाय फोन एक सोय नेटवर्कमधून घेतो: कुठला उपग्रह आत्ता कुठे आहे याची माहिती तो इंटरनेटवरून पटकन मागवतो. नेटवर्क नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून ऐकावी लागते. प्रत्येक उपग्रह स्वतःची माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा सांगतो आणि सगळ्यांची मिळून यादी पुरी व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. मध्येच झाडोरा आला की ऐकणं तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आगरात, पोफळींच्या गर्दीत यंत्र चालू करून लगेच पळू नये. खळ्यात किंवा रस्त्यावर मोकळ्या आभाळाखाली मिनिट-दोन मिनिटं उभं राहावं, मग निघावं. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

आपलं नाविक, म्हणजे भारताची स्वतःची जीपीएससारखी उपग्रहव्यवस्था, त्यात आहे का, असंही गिऱ्हाइकं विचारतात. अभिमानाचा प्रश्न आहे आणि मला तो विचारलेला आवडतो. नाविकची रचना सात उपग्रहांची. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 या उपग्रहापासून त्यात जीपीएसच्याच जातीची एल-1 लहर आली, त्यामुळे साध्या यंत्रांनाही ते पुढे घेता येईल. असेल तर चांगलंच. पण जीपीएसच्या जोडीला रशियाचं ग्लोनास किंवा युरोपचं गॅलिलिओ घेणारं यंत्र असलं तर आपल्या कामाला उपग्रह कमी पडत नाहीत. या निवडीत मी नाविकला वजन दिलं नाही.

रस्ता की घर

मी डॉक्टरांना विचारलं, "तुम्हाला रस्ता माहीत नसतो की घर?"

त्या जरा थांबल्या. "रस्ता बहुतेक माहीत असतो, दादा. वीस वर्षं फिरतेय. घर माहीत नसतं. आणि कुठल्या फाट्याला आत शिरायचं ते अंधारात दिसत नाही."

मुंबई-पुण्याहून रेवस ते रेडी सागरी मार्गाने फिरायला येणाऱ्याची गरज वेगळी असते. त्याला रस्ताच नवा असतो, वळण यायच्या आधी कोणीतरी सांगायला हवं असतं. डॉक्टरांना मात्र बिंदू हवे होते. अमक्याचा गोठा, तमका फाटा, हा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल). आणि ते बिंदू पावसात, अंधारात, ओल्या हाताने, नेटवर्क नसताना दिसायला हवे होते. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत. जनावरं त्याच चार महिन्यांत जास्त आजारी पडतात.

साकवाचं सांगायलाच हवं, कारण कुठल्याही विकतच्या नकाशाला तो नीट कळत नाही. वहाळावर टाकलेला अरुंद साकव दुचाकीला चालतो, चारचाकीला नाही. म्हणून मोटरीचा नकाशा तुम्हाला पाच किलोमीटर फिरवून नेतो. उलट जुलैत तोच साकव पाण्याखाली असतो आणि दुचाकीचा नकाशा तुम्हाला सरळ त्याच्यावर नेतो. पाखाडीचं तसंच. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी नकाशावर बारीक रस्ता म्हणून काढलेली असली तर यंत्र बिनदिक्कत म्हणणार, डावीकडे वळा. गूगल मॅप्समध्ये दुचाकीसाठी वेगळी सोय डिसेंबर 2017 मध्ये आली, भारतात सगळ्यांच्या आधी आली, आणि शहरात ती उपयोगी आहे. पण यंत्राला पायऱ्या आणि चढ यांतला फरक कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला, होता तोच फोन, फक्त नीट बसवून. नकाशे आधीच उतरवून ठेवायचे. ऑस्मँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स यांसारखी अ‍ॅप्स ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला नकाशा फोनमध्ये साठवतात आणि नेटवर्क नसतानाही रस्ता शोधून देतात. म्हणजे नकाशाचा प्रश्न सुटतो. पाण्याचा सुटत नाही. हल्लीचा स्क्रीन बोटातली विद्युतधारणा ओळखून चालतो, पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच वाटतो, आणि ओला जाड हातमोजा मात्र त्याला कळत नाही. नको तेव्हा दाबलं जातं आणि हवं तेव्हा दाबलं जात नाही. चार्जिंगच्या तोंडात ओल आली की फोन वीज घेणं थांबवतो तेही बरोबरच आहे, नाहीतर पिना गंजून जळतील. त्यात आपली समुद्राकडची खारी हवा. फोन आयपी67 असला, म्हणजे 1 मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा असला, तरी या दोन्ही अडचणी तशाच राहतात. फोन मरत नाही, पण कामालाही येत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. सप्टेंबर 2021 मध्ये अ‍ॅपलने स्वतःच जाहीर केलं होतं की मोटरसायकलच्या इंजिनाची जोरदार थरथर हँडलमार्गे फोनला सतत मिळाली तर कॅमेऱ्याची स्थिरता राखणारी यंत्रणा बिघडू शकते. एका सिलिंडरच्या गाडीवर महागडा फोन थेट हँडलला कसणाऱ्याला मी हे आवर्जून सांगतो. कंप शोषणारी रबरी बैठक मिळते, ती घ्यावी.

दुसरा, खास मोटरसायकलसाठी बनवलेलं यंत्र. गार्मिनचं झुमो एक्सटी 2020 मध्ये आलं, साडेपाच इंची पडद्याचं. टॉमटॉमचं रायडर 550 त्याआधीचं, 4.3 इंची. ही यंत्रं पाण्याला, उन्हाला आणि हातमोज्याला धरूनच बनवलेली असतात. त्यांच्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट बैठकीची: वीज बैठकीतून उघड्या पिनांनी यंत्रात जाते, भोकात वायर खुपसावी लागत नाही. वायरिंगच्या माणसाला याचं मोल लगेच कळतं.

तिसरा, गाडीच्या काट्यांजवळ बसणारी बाणाची छोटी तबकडी. रॉयल एनफील्डने 2020 मध्ये मेटिऑर 350 बरोबर ट्रिपर आणलं ते या जातीचं. दिसायला सुटसुटीत, नजर रस्त्यावर राहते. पण तिचा मेंदू फोनमध्ये असतो. डॉक्टरांचा प्रश्न फोनचाच होता, त्यामुळे हा पर्याय चहा संपायच्या आत बाद झाला.

चौथा, गिर्यारोहक वापरतात तसं हातात मावणारं, बटणांचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र. पडदा जेमतेम सव्वादोन इंच. ऊन जितकं कडक तितकं जास्त स्पष्ट दिसणारा, कारण तो बाहेरचाच प्रकाश परतवतो. सेल 20-25 तास जातात.

डॉक्टरांच्या पुतण्याने पाचवा सुचवला, उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र. नेटवर्क नसलं तरी "मी इथे अडकलेय" असं कळवता येतं. कल्पना चांगली, पण आपल्याकडे सॅटेलाइट फोन किंवा असं निरोप पाठवणारं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरणं बेकायदेशीर आहे, आणि अशी यंत्रं जवळ सापडल्यामुळे पर्यटकांना विमानतळावर अडवल्याचे प्रकार झाले आहेत. फक्त उपग्रह ऐकणाऱ्या यंत्राला अशी आडकाठी नाही. परदेशातून कोणी भेट म्हणून आणणार असेल तर हा फरक आधी समजावून सांगावा.

कायद्याचं दुसरं अंग फोनचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या बदलाप्रमाणे हातातलं उपकरण गाडी चालवताना केवळ रस्ता पाहण्यासाठी वापरता येतं, तेही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित न होता. बसवलेल्या यंत्राकडे नजर टाकणं यात बसतं, चालत्या गाडीवर पत्ता टाइप करणं बसत नाही.

मागून आणलेल्या यंत्रांवर केलेली परीक्षा

विकत घेण्याआधी वापरून पाहायचं असा आमचा आग्रह होता. पुण्याच्या एका ओळखीच्या स्वाराकडून मोटरसायकलचं यंत्र चार दिवसांसाठी मिळालं. खेडच्या एका ट्रेकर मित्राने बटणांचं दिलं. डॉक्टरांचा फोन होताच, त्यात उतरवलेले नकाशे घातले.

पहिल्या दिवशी दापोलीहून आसूद, हर्णे, आंजर्ले, केळशी. आसूदला मुद्दाम थांबलो. केशवराजाकडे उतरताना नारळी-पोफळींनी आभाळ झाकलं जातं, दरीही अरुंद आहे. तिन्ही यंत्रांच्या रेघा तिथे थोड्या भरकटल्या, कुठे वीस-पंचवीस मीटर बाजूला गेल्या. पण कुठल्या फाट्याला शिरायचं हा निर्णय एवढ्या चुकीने बिघडत नाही. ते पाहिल्यावर अचूकतेची चर्चा आम्ही तिथेच संपवली. लोक या एका गोष्टीवर तासन्‌तास वाद घालतात आणि पाण्याबद्दल विचारतही नाहीत.

हर्णेच्या बंदरावर दुपारी बाराचं ऊन लागलं. पावसाची उघडीप असली की ऑगस्टातलं ऊनही डोळ्यांत जातं. पाकिटातला फोन गरम होऊन पडदा मंद करू लागला. मोटरसायकलचं यंत्र झकास दिसत होतं. बटणांचंही दिसत होतं, पण अक्षरं बारीक. डॉक्टरांना जवळचा चष्मा आहे. "दादा, हे मला गाडी थांबवल्याशिवाय वाचता येणार नाही," त्या म्हणाल्या. ही या यंत्राची खरी उणीव आहे आणि ती आजही पुरती गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र पाऊस लागला, आणि आम्हाला तोच हवा होता. दाभोळवरून फेरीने पलीकडे, गुहागरपर्यंत. फोन अर्ध्या तासात पहिल्यासारखाच वागू लागला. मोटरसायकलचं यंत्र व्यवस्थित चाललं. पण मालकाने त्यातला नकाशा बराच काळ अद्ययावत केला नव्हता, वाड्यांचे आतले रस्ते त्यात नव्हते, आणि त्याने आम्हाला फेरी टाळून चिपळूणकडे पिटाळायचा प्रयत्न केला. हा दोष यंत्राचा नाही. बहुतेक यंत्रांत "फेरी टाळा" अशी खूण असते, ती कोणीतरी चालू ठेवलेली होती. कोकणात येणाऱ्या प्रत्येकाने निघायच्या आधी ही एक खूण तपासावी. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, इतक्या खाड्या फेरीने ओलांडायच्या असतात. ती खूण चुकीची असली तर दिवस मोडतो. उलट बाजूही लक्षात ठेवावी: फेरी सुरू आहे की वादळी हवेमुळे बंद ठेवली आहे, हे कुठल्याच यंत्राला कळत नाही. धक्क्यावरच्या टपरीवाल्याचा फोन नंबर जवळ असावा.

बटणांच्या यंत्राने पावसात काही म्हणजे काहीच तक्रार केली नाही. चिखलाच्या हातमोज्याने बटण दाबलं तरी दाबलं जात होतं.

निवड आणि तिची कारणं

डॉक्टरांचा पहिला कल मोटरसायकलच्या यंत्राकडे होता. पडदा मोठा, चष्म्याचा प्रश्न नाही. ते घेतलं असतं तरी मी चुकीचं म्हटलं नसतं. तीन गोष्टी आड आल्या. ते नवं आलं तेव्हाच अमेरिकेत सुमारे 500 डॉलरचं होतं, इथे येईपर्यंत त्यात भर पडते. बिघडलं तर दापोलीतून कुठे पाठवायचं याचं समाधानकारक उत्तर आम्हाला मिळालं नाही. आणि तिसरी गोष्ट डॉक्टरांनीच काढली: "गोठ्यात शिरताना एका हातात बॅग, दुसऱ्यात बादली. हे गाडीवर ठेवून जायला जीव होणार नाही, काढून न्यायला हात नाही." बटणांचं यंत्र रेनकोटच्या खिशात जातं.

शेवटी ठरलं ते असं: बटणांचं यंत्र हँडलवर, आणि फोन कोरडा, जॅकेटच्या आतल्या खिशात. फोनचं काम बोलणं आणि पहिल्यांदाच जायच्या ठिकाणी निघायच्या आधी रस्ता पाहून घेणं. कानात आवाज घेऊन चालवायला त्या तयार नव्हत्या. घाटीच्या वळणावर समोरून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू यायला हवा, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला मान्य आहे.

आणखी एक अट मी घातली होती. आपले बिंदू आणि आपल्या रेघा जीपीएक्स फाइलमध्ये बाहेर काढता आल्या पाहिजेत. ही साधी, सगळ्यांना वाचता येणारी फाइल असते. यंत्र उद्या खाडीत पडलं तरी वीस वर्षांची माहिती घरी शाबूत राहते. जे यंत्र किंवा अ‍ॅप तुमचे बिंदू स्वतःच्याच पोटात ठेवतं ते कितीही चकचकीत असलं तरी कामाच्या माणसाने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बसवताना

मी आधी नेहमीसारखी वीज काढून द्यायला घेतली होती: किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी लाइन, त्यावर 2 अँपिअरचा फ्यूज, सीटखाली 12 चे 5 व्होल्ट करणारा डबा, जोडांवर हीट श्रिंक स्लीव्ह. किल्लीवरचीच लाइन घ्यायची याला कारण आहे. बॅटरीला थेट जोडलेला दिवा किंवा व्होल्टमीटरवाला चार्जर गाडी उभी असतानाही 20 मिलिअँपिअर खात राहू शकतो. दिवसाला 0.48 अँपिअर-अवर. सहा अँपिअर-अवरची बॅटरी बारा दिवसांत रिकामी. गणपतीत गाडी उभी ठेवून माणूस गावी जातो आणि परत आल्यावर सेल्फ लागत नाही, तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

पण या यंत्रात वायर लावायची तर मागची रबरी टोपी उघडी ठेवावी लागत होती. म्हणजे ज्या पाण्यासाठी हे सगळं केलं त्यालाच दार उघडून द्यायचं. मी वायर काढून टाकली. सेलवरच चालवायचं ठरवलं: पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल-हायड्राइड सेलच्या तीन जोड्या, एक यंत्रात, एक बॅगेत, एक घरी चार्जरवर. यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नये. हे सेल 1.2 व्होल्टचे असतात, प्रकार सांगितला नाही तर यंत्र भरलेल्या सेललाही अर्धा रिकामा समजतं.

पहिल्याच आठवड्यात एक अडचण आली. सड्यावरच्या उखडलेल्या रस्त्यावर यंत्र अचानक बंद व्हायचं. थरथरीने सेल क्षणभर टोकापासून सुटत होते. सेलच्या आणि झाकणाच्या मध्ये पातळ रबराची पट्टी घातली, बैठकीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा दिला. त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही.

पत्त्याचा प्रश्न

मला वाटलं होतं यंत्र बसलं की काम संपलं. उलट खरं काम इथे सुरू झालं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं लोकेशन बटणांच्या यंत्रात कसं जाणार? त्यात अक्षांश-रेखांशाचे आकडे लागतात. नकाशावर त्या जागी बोट दाबून धरलं की आकडे दिसतात, ते दापोलीत नेटवर्कमध्ये असतानाच उतरवून घ्यायचे. दशांशानंतर चार आकडे पुरतात, त्यात दहा-अकरा मीटरचा फरक राहतो, तेवढ्यात गोठा सापडतो.

आकडे लिहिण्याची पद्धत मात्र सांभाळावी लागते. दापोली ढोबळमानाने 17.76 उत्तर, 73.19 पूर्व. हेच अंश-मिनिट-सेकंदात 17 अंश 45 मिनिटं 36 सेकंद आणि 73 अंश 11 मिनिटं 24 सेकंद होतं. कोणी घाईत ते 17.4536, 73.1124 असं भरलं तर यंत्र तुम्हाला 34 किलोमीटर दक्षिणेला, गुहागरजवळ भर समुद्रात नेऊन ठेवेल. आमच्याकडून सरावात एकदा नेमकं हेच झालं आणि ठिपका पाण्यात पाहून डॉक्टर घाबरल्या. तेव्हापासून यंत्रात आणि फोनमध्ये एकच पद्धत, दशांशाची.

नावांचा घोळ आम्ही असा सोडवला. "मधली वाडी", "खालची वाडी", "तेलीवाडी" ही नावं गावोगावी आहेत. म्हणून प्रत्येक बिंदूच्या नावात आधी गावाची दोन-तीन अक्षरं, मग वाडी, मग घराची खूण. डॉक्टर रोज रात्री वहीत लिहून ठेवत, मी रविवारी दुकानातल्या कॉम्प्युटरवरून यंत्रात भरत असे. पुढे त्यांचा पुतण्या ते शिकला.

बिंदूंपेक्षाही जास्त उपयोग झाला तो रेघांचा. डॉक्टर दिवसाउजेडी एखाद्या वाडीत गेल्या की यंत्र गेलेल्या वाटेची रेघ ठेवून देतं. पुढच्या वेळी अंधारात, पावसात, फक्त त्या रेघेवर गाडी ठेवायची. साकव कुठे, पाखाडी कुठे, गडग्याच्या कुठल्या बाजूने आत शिरायचं, हे सगळं त्या रेघेत आपोआप आलेलं असतं. बारीक अक्षरं वाचावी लागत नाहीत, त्यामुळे चष्म्याची अडचणही निम्मी झाली. आपणच चालवलेल्या वाटेइतका भरवशाचा नकाशा मला अजून कुठल्या दुकानात मिळालेला नाही.

यातून एक काम आम्ही सगळ्यांसाठी केलं. ओपनस्ट्रीटमॅप 2004 पासून लोकांनीच काढलेला नकाशा आहे, कोणालाही सुधारता येतो. ज्या पाखाड्या त्यात रस्ता म्हणून दाखवल्या होत्या त्या आम्ही प्रत्यक्ष पाहून "पायऱ्या" म्हणून नोंदवल्या. नवा नकाशा यंत्रात भरल्यावर त्याने तिकडे वळायला सांगणं सोडलं.

एक पावसाळा गेल्यावर

पुढचा पावसाळा पूर्ण त्या यंत्रावर गेला. यंत्रात पाणी शिरलं नाही. रात्रीच्या फेऱ्यांत वाट चुकून उशीर झाल्याचं डॉक्टरांना एकदाच आठवतं, आणि तेव्हा बिंदू भरताना माझी चूक झाली होती, सातच्या जागी एक पडला होता. आता भरलेला प्रत्येक बिंदू आम्ही मोठ्या पडद्यावर नकाशात पाहून घेतो.

अडचणी उरल्या आहेत. ऐन वेळी नवीन आकडे बटणांनी भरायला तीन-चार मिनिटं जातात. साकवाजवळ आलं की यंत्र टुंई करतं, पण हेल्मेट आणि पावसाच्या आवाजात ते ऐकू येत नाही, पडद्यावरची सूचना दिसली तर दिसली. आणि अडलेल्या गाईच्या घरचं माणूस फोनवर धीर धरून आकडे सांगेल ही अपेक्षा करता येत नाही. यासाठी डॉक्टरांनी स्वतःच एक पद्धत पाडली. लसीकरणाला म्हणून उन्हाळ्यात ज्या ज्या गोठ्यात जातात तिथला बिंदू तेव्हाच घेऊन ठेवतात, बोलावणं आलेलं नसलं तरी.

आगोटीच्या आधी मी त्यांच्या यादीची प्रत काढून ठेवली. खाडीपलीकडचे गोठे आता त्यात अलीकडच्यांपेक्षा जास्त झाले आहेत. अकरा साकवांच्या नावापुढे त्यांनी लिहून घेतलंय, "जुलै ते सप्टेंबर नको".